गाठ फुगली ती कशाने

"औषध बंद करा, रादोयेच्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ दुप्पट झालीय," सर्जन मिलोये म्हणाला.

मी पॅथॉलॉजिस्ट. कापून बघितल्याशिवाय मला काही पटत नाही.

"आत काय वाढलंय ते बघितलंस का, शहाण्या?"

गाठीचा तुकडा मागवून मायक्रोस्कोपखाली धरला. औषधाआधी शरीराच्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची जी फौज गाठीबाहेर नुसती ताटकळत होती, ती आता औषधाने चेतवल्यावर आत घुसली होती. गाठ त्यांच्याच गर्दीने फुगली होती. कॅन्सरची जिवंत पेशी एकही सापडली नाही.

मिलोयेने दोनदा बघितलं आणि औषध चालू ठेवलं.

वसंतात रादोये ठणठणीत होऊन लॅबमध्ये आला. आपण मेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या श्राद्धाला पाहुण्यांना द्यायला ठेवलेली राकियाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली त्याने टेबलावर आपटली.

"प्या, देसांकाबाई! त्या दिवसासाठी नवी गाळायला मला भरपूर वेळ आहे."