धाकट्याची सहा मिनिटं

मी एक जुनं बुद्धिबळाचं घड्याळ आहे, मित्रांनो. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या आणि वर दोन खटके. चाल केली की आपला खटका दाबायचा. आपला वेळ थांबतो, समोरच्याचा धावू लागतो. मला घडवणाऱ्या कारागिराने पॉलिश करता करता बजावलं होतं, "कुणाची बाजू घ्यायची नाही." मी आजवर घेतलेली नाही. मनातलं सोडा.

दर रविवारी माझ्यासमोर एक बहीण-भाऊ बसत. ताई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची, धाकटा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. ताई म्हणायची, "काळ कुठे जात नाही रे. कालचा दिवस आहे तिथेच आहे, पुस्तकातल्या मागच्या पानासारखा."

"काहीतरीच! गेलं ते गेलं," धाकटा म्हणायचा.

या वादात खटका दाबायचंच राहून जाई! काळावर तावातावाने बोलता बोलता वेळ संपून कधी ती हरायची, कधी तो. मला हसू आवरत नसे.

मग त्यांचे बाबा आजारी पडले. धाकटा औषधाच्या रांगेत उभा असतानाच ते गेले. त्याला पोचायला दहा मिनिटं उशीर झाला.

पुढच्या एका रविवारी, डाव अर्ध्यावर असताना, त्याने विचारलं, "ताई, मी वेळेवर पोचलो असं एखादं जग असू शकतं?"

"असू शकतं. तर्काला अडचण नाही. पण तिथे आपल्याला जाता येत नाही."

"आणि इथली ती दहा मिनिटं? तुझ्या मते तीही कायमची जागच्या जागी?"

ताई हो म्हणाली, अगदी वर्गात म्हणावं तसं. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. चाल त्याचीच होती. त्याच्या तबकडीवर सहा मिनिटं उरली होती.

ताईने माझे दोन्ही खटके सारख्या उंचीवर ठेवले. असं केलं की कुणाचाच वेळ चालत नाही. पटावरची मांडणी तिने कागदावर उतरवून माझ्याखाली ठेवली. चार वर्षं दर रविवारी ती माझी चावी फिरवून बघायची. टिकटिक मात्र करू द्यायची नाही. फोन उचलायची, परत ठेवायची. मला धाकट्याचा तो खटक्यावरचा धसमुसळा हात फार आठवे. तो परत जिना चढून येतो, असंही एखादं जग असेलच की! जिन्यात पावलं वाजली की मी कान टवकारत असे, पण शेजारचंच कुणीतरी असायचं.

आज ताईने मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं, दोन बस बदलल्या आणि आता आम्ही त्याच्या दाराशी उभे आहोत. मित्रांनो, जुन्या घड्याळांना चावी देत जा, आणि रुसून गेलेल्या माणसाकडे आपणच जात जा. नुसतं शक्य आहे म्हणून कुणी येत नाही हो.

दार उघडलं. धाकट्याचे केस पिकलेत. त्याने मला हातात घेतलं आणि तबकडीवरून बोट फिरवलं.

"माझी सहा मिनिटं आहेत अजून?"

"आहेत ना. बाबा तुला खांद्यावर घेऊन फिरायचे, त्या सगळ्या संध्याकाळीही जागच्या जागी आहेत. तेव्हा सांगायचं राहिलं रे माझं."

आत जाऊन त्यांनी ताईच्या कागदावरून तोच अर्धा डाव मांडला. ताईने खटका दाबला आणि चार वर्षांनी माझी टिकटिक सुरू झाली. दोघं रडले, मग बोलायला लागले, मग चक्क भांडायलाही लागले. सहाच्या सहा मिनिटं संपली. धाकटा हरला, पण कुणाच्या लक्षातच आलं नाही.