कुरियाकोस उठेना

भांडुपच्या डोंगरउतारावरचं ते चर्च केरळातून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी बांधलं होतं. पाळी संपली की विटा वाहायच्या, रविवारी प्रार्थना आटोपली की गिलाव्याला हात लावायचा. त्या माणसांपैकी आता एकटा कुरियाकोस उरला होता. बाकीचे कोणी गावी परतले, कोणी वारले.

यंदा मागची दरड खचली आणि वेदीची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. पालिकेने चर्च पाडायचं ठरवलं. पाद्रींनी क्रूस, पुस्तकं शाळेच्या हॉलमध्ये हलवली. पाडकामाचं मशीन आलं त्या सकाळी कुरियाकोस आत जाऊन पुढच्या बाकावर बसला.

पालिकेचा इंजिनीअर निहार दारातून हाका मारून थकला. शेवटी त्याने कुरियाकोसच्या बायकोला, सारम्माला बोलावून आणलं.

"मावशी, भिंत कधीही खाली येईल. तुमचं तरी ऐकतील ते."

सारम्मा आत गेली. नवऱ्याला ती अच्चायनच म्हणायची. "अच्चायन, चला घरी."

"तू जा. आपल्या मुलाचा, बेबीचा बाप्तिस्मा इथे झाला. काविळीने गेला तेव्हा त्याची पेटीही इथूनच उचलली. आता हेही नेणार. मग मी कशाला जगू?"

चर्चमध्ये जाऊ नका म्हणून आदल्या दिवसापासून ती विनवण्या करून दमली होती. वरून प्लास्टरचा तुकडा निखळून पडला. ती दचकली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मग मीपण इथेच."

"सारम्मे, वेड्यासारखं करू नकोस. बाहेर हो."

"बाहेर जाऊन एकटी काय करू?"

तो रागावला, मग त्याने हात जोडले. तिने बाक घट्ट धरला होता. भिंत करकरली की ती भीतीने डोळे मिटून घेई, पण हलत नव्हती, ते त्याला दिसत होतं. अखेर तो उठला.

"चल."

दुपारपर्यंत छप्पर खाली आलं. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "तू मला बाहेर काढलंस." नंतर बोलणं बंद, जेवणही नावाला.

रविवारी तिने डोक्यावर पदर घेतला. "येता?"

त्याने कूस बदलली.

शाळेच्या हॉलमध्ये प्रार्थना सुरू झाली, पण घरी त्याला एकटं सोडून आलेय या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर राहीना. अर्ध्यातून उठून ती धापा टाकत चढ चढली. तो तसाच पडून होता, डोळे उघडे. श्वास चालू होता.

ती खाटेजवळ जमिनीवर बसली आणि उरलेली प्रार्थना एकटीच म्हणू लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.