उमाचं माप

"उंदरांनी?" मी विचारलं.

"उंदरांनी," हेदर म्हणाली. "किचनमधून वर नेऊन साठवले असणार. हॅपन्स ऑल द टाइम."

काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर, तांदळाचे अकरा दाणे. शेजारी कार्ड: 'वरच्या खोलीच्या फळ्यांखाली सापडलेला उंदरांचा साठा. अंदाजे १८६७.' कॅनडातल्या ग्वेल्फमधलं हे जुनं दगडी घर नीट करून त्याचं म्युझियम केलं होतं आणि शनिवारी ते उघडणार होतं. हेदर तिथली मुख्य. मी रिटायर्ड इंजिनिअर, फुकटचा गाइड.

"हेदर, हे तांदूळ माझ्या बायकोचे आहेत."

ती हसली. म्हाताऱ्यांकडे बघून हसतात तशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१९७१ साली या घरातल्या खोल्या भाड्याने मिळत. जिन्याजवळची माझी. लग्नानंतर सात महिन्यांनी, ऐन फेब्रुवारीत, उमा पुण्याहून आली आणि दारातच अडून बसली. "आधी माप ठेवा."

"अगं, पुण्यात ओलांडलंस की!"

"ते सासूबाईंचं घर. हे माझं."

बॅगेतून तिने आंबेमोहोर काढला. माप कुठलं, कॉफीचा रिकामा डबा मिळाला. तो भरून उंबऱ्यावर ठेवला. पायात तासाभरापूर्वी घेतलेले बर्फातले बूट. तिने उजव्या पायाने हलकेच लवंडायला म्हणून धक्का दिला आणि डबा थेट रेडिएटरवर जाऊन आदळला. तांदूळ खोलीभर. निम्मे फळ्यांच्या फटीत. उमा जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं, तरी ती म्हणायची, "माझा अर्धा संसार त्या फटीत राहिलाय."

ती जाऊन दोन वर्षं झाली. आणि आता तिचा गृहप्रवेश उंदरांच्या नावावर!

"फोटो आहे?" हेदरने विचारलं.

"खोलीत आम्ही दोघंच. काढणार कोण?"

मी उमाचं जुनं पत्र आणून दिलं. त्यावर माझं नाव, खाली या घराचा पत्ता. ते कमिटीकडे गेलं. दोन दिवसांनी उत्तर: तुम्ही इथे राहत होता हे सिद्ध होतं, तांदूळ तुमचे हे नाही.

"मग उंदरांचं सिद्ध झालंय का?" माझा आवाज चढला. "दाणा बघ, बुटका आहे. अठराशे सदुसष्ट साली इथली स्कॉटिश बाई आंबेमोहोर शिजवत होती?"

"चारुदत्त, आय हिअर यू. पण आपला पिरियड १८६७ आहे. त्यानंतरचं आपण दाखवतच नाही."

म्हणजे त्यानंतर या घरात कोणी राहिलंच नाही. एकतीस वर्षं मी या गावात पंप बनवले, चाळीस हिवाळे दारातला बर्फ शोव्हल केला, आणि आम्ही पिरियडमध्ये बसत नाही. रागाने मला रात्री जेवण गेलं नाही.

ऊर्मीला, माझ्या मुलीला, फोन केला. "बाबा, इट्स जस्ट राइस," ती म्हणाली. "इतका त्रास होतोय तर जस्ट क्विट."

शनिवारी गाइडचा बिल्ला परत करायलाच गेलो. खाली बारा माणसं ताटकळत उभी, दुसऱ्या गाइडचा पत्ता नाही. हेदर काकुळतीला आली. "प्लीज, एवढी एकच टूर."

केली. दिवाणखाना, चूल, चरखा, सगळं पाठ होतं ते म्हटलं. वर आलो. खोलीच्या दारात मात्र माझा पाय अडला.

"वन मिनिट," मी म्हणालो. "आत येताना उजवा पाय आधी. जरा उचलून."

माणसं बिचारी आज्ञाधारक. पाय उचलून, काहीच नसलेल्या जागेवरून पलीकडे टाकू लागली. एका बाईंनी विचारलं, "व्हाय द राइट फूट?"

मागे हेदर फाइल घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत होती.

"द लेडी ऑफ द हाउस इन्सिस्ट्स," मी म्हणालो.

बाईंनी भिंतीवरच्या स्कॉटिश बाईच्या तसबिरीकडे पाहून आदराने मान हलवली. मी खुलासा केला नाही. पेटीपाशी आलो तेव्हा कार्डवरचं वाक्य वाचायचं होतं. ते वाचलं नाही.

बिल्ला अजून माझ्याकडेच आहे. कार्डवर अजून उंदीरच आहेत. पण दर शनिवारी त्या दारात सगळे आधी उजवा पाय टाकतात.