बुद्धिबळाच्या सूचनेखालच्या तीन चिठ्ठ्या

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो. माझे हिरवे कापड विटले आहे, चौकटीचा एक कोपरा निखळला आहे आणि टाचण्यांनी अंगाची चाळण झाली आहे. तरी ऐका, कारण माझ्या मनात एक सल आहे.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या सुताराने मला घडवले आणि जेवणघराच्या दारापाशी टांगले. तिथे पहिल्या मालकांनी एक शिरस्ता घालून दिला होता. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला छोटासा वाटा. असे वाटे साहेबांकडे होते, तसे कामगारांकडेही होते. वरच्या जागेवरच्या कुणी आपले शेअर विकले, की त्याने सहीची चिठ्ठी माझ्यावर लावायची: किती विकले, किती उरले. "घरातला कर्ता माणूस भांडी विकायला काढतो, तेव्हा घरच्यांना कळायला नको का?" असे मालक म्हणत. त्या चिठ्ठ्यांमुळे माझा काय रुबाब होता!

माझे सर्वांत नेमाचे वाचक म्हणजे भांडार सांभाळणारे काका. ते नटाखालची चकती, साधा वायसरसुद्धा दोनदा मोजून देत, म्हणून सगळे त्यांना मोजपट्टीकाका म्हणत. टाचण्याही ते मोजूनच देत, महिन्याला चार. निवृत्तीनंतर भाड्याची जागा सोडून दोन खोल्यांचे स्वतःचे घर घ्यायचे, एवढे एकच स्वप्न त्यांनी आणि काकूंनी पाहिले होते. त्यासाठीच त्यांनी वीस वर्षे शेअर साठवले होते.

एकदा पंपांचे आराखडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंनी चिठ्ठी लावली. त्यांनी दहांतला एक शेअर विकला होता. आईच्या उपचारांसाठी विकला, हेही त्यांनी सर्वांना सांगितले. पण काकांना ते पटेना. "आतल्या माणसाला आतलं कळतं. उगाच कोण विकेल?" म्हणत त्यांनी आपले अर्धे शेअर विकून टाकले. कंपनीला काहीच झाले नाही. उलट वर्षभरात शेअरचा भाव दीडपट झाला आणि जेवणघरात काकांची टर उडू लागली.

"काका, बाई शिंकल्या तरी तुम्ही छत्री उघडाल!"

काका हसले, पण ते त्यांच्या मनाला लागले. "आजपासून हा फळा मला मेला," असे ते शिपायाला म्हणाले. त्यानंतर ते माझ्याकडे पाठ करून जेवायला बसत. मला फार वाईट वाटे.

पाच वर्षे गेली. एका सोमवारी हिशेबखात्याच्या प्रमुखांनी चिठ्ठी लावली. चार दिवसांनी विक्रीखात्याच्या प्रमुखांनी लावली. पुढच्या आठवड्यात खुद्द मोठे साहेब आले आणि इकडेतिकडे बघत घाईने टाचणी टोचून गेले. तिन्ही चिठ्ठ्यांवर 'उरले' या शब्दापुढे शून्य होते. एकट्यादुकट्याने थोडे शेअर विकले तर त्याला शंभर कारणे असतात. घर असते, लग्न असते, आजारपण असते. पण कंपनीचे पोट आतून पाहणारे तिघे अकरा दिवसांत सगळेच विकून मोकळे होतात, तेव्हा निदान कुणी विचारावे तरी!

विचारणार कोण? टाचण्या मोजक्याच, म्हणून जुन्या कागदावरच नवा कागद लावायची आमच्याकडे रीत पडली होती. शिपायाने बुद्धिबळाच्या स्पर्धेची सूचना आणली आणि तिन्ही चिठ्ठ्या तिच्याखाली गेल्या.

काकांचा मेहुणा तिथेच रंगकामाला होता. त्याच्या कानावर काहीतरी आले होते.

"भावोजी, साहेबांनी शेअर विकलेत म्हणे. आपण काय करायचं?"

"एकदा घाबरून हसं करून घेतलंय मी. बांधत असतील बंगला. तू गप बस."

मेहुण्याने आपलेही शेअर तसेच ठेवले. मी ओरडलो असतो, पण लाकडाला तोंड कुठले?

तीन महिन्यांनी कळले की सर्वांत मोठे गिऱ्हाईक त्या चिठ्ठ्या लागण्याआधीच तुटले होते. शेअरला कुणी विचारीना. वर्षाअखेर कारखान्याला टाळे लागले.

शेवटच्या दिवशी भांडाराच्या किल्ल्या देऊन काका माझ्यापाशी आले. त्यांनी बुद्धिबळाची पिवळी पडलेली सूचना काढली. खालच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि तारखा बोटांवर मोजल्या.

"अकरा दिवस," ते पुटपुटले. "आयुष्यभर वायसर दोन-दोनदा मोजले मी. आणि हे एकदाही नाही."

मेहुणा मागेच उभा होता. त्याचेही सगळे गेले होते. त्याने भावोजींच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

मी भंगारात जायचा, पण काकांनी मला घरी आणले. जागा तीच आहे, भाड्याची; आधी विकलेल्या अर्ध्या शेअरच्या पैशांत घर झाले नाही. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कुणी एकाने विकले म्हणून धावत सुटू नका. पण एकदा फजिती झाली म्हणून वाचणेही सोडू नका. कोण विकतो, किती विकतो, त्याच्यापाशी काय उरते, ते बघा. आणि वरचा कागद तेवढा उचलून बघा.

आता काकांची नात माझ्यावर चित्रे लावते. काल तिने नवे चित्र जुन्यावर टाचायला घेतले, तसे काका जेवता जेवता उठले.

"त्याच्यावर नको गं, बाजूला लाव."

"पण आजोबा, टाचण्या संपतील ना!"

"संपू देत," काका म्हणाले. "आणखी आणू आपण."