हा क्रमांक वापरात आहे

मी ऐकून लिहिते. माझं काम एवढंच आहे, आणि ते सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने कानाला हेडफोन लावून जरा वेळ बसून दाखवावं. एका मोठ्या कंपनीत दिवसभर लोक फोन करतात, तक्रारी सांगतात, भांडतात, मध्येच रडतात. कंपनीतलीच माणसं आपल्या हेल्पडेस्कला फोन करून डोकं खातात तेही त्यातच आलं. हे सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि माझ्यासारख्या काही जणी आपापल्या घरी बसून ते शब्दन् शब्द पडद्यावर उतरवतात. ऐकू न आलेल्या जागी कंसात ‘अस्पष्ट’ असं लिहायची मुभा असते. बाकीच्या खुशाल लिहितात. मी आजवर लिहिलेलं नाही. माणसाने तोंड उघडलं म्हणजे तो काहीतरी बोललेला असतोच. आपल्या कानात मळ असेल तर तो आपण काढावा.

टायपिंग मला कोणी शिकवलं नाही. नवऱ्याच्या ऑफिसातून भंगारात निघालेला टाइपरायटर घरी आला आणि भाजी शिजेपर्यंत जो वेळ मिळे तेवढ्यात मी त्यावर बोटं बसवली. त्या लोखंडी यंत्राची सवय हाडात राहिली ती राहिलीच. लॅपटॉपच्या नाजूक कळाही मी हातोडी मारल्यासारख्या मारते, आणि ओळ संपली की करंगळीचा असा तडाखा बसतो की शेजारचा कप वाजतो. माझी धाकटी बहीण, जी आम्ही दोघी एकेकट्या उरल्यापासून माझ्याकडेच राहते, ती स्वयंपाकघरातून ओरडते, “ताई, सासूने दिलेलं यंत्र आहे का ते? हळू बडव जरा!”

आमचा करार वर्षाचा असतो. तो संपायच्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत, त्याच लॅपटॉपमधून, आपल्या खात्यातून सही करायची. नाही केली तर खातं आपोआप बंद, आणि परत भरती व्हायला माझं वय आता कुठल्याच चौकटीत बसत नाही. सुपरवायझरबाई गेल्या खेपेलाच म्हणाल्या होत्या, “मावशी, आता विश्रांती घ्या की.” मी म्हटलं, विश्रांती मेल्यावर भरपूर मिळते. या कामावर माझं घर चालत नाही, मी चालते.

आणि सहीच्या त्याच दिवशी सकाळी मी नेटवर्कला हात लावला.

कारण होतं. ऐकता ऐकता मध्येच लाइन तुटायची, बाईचं रडणं अर्धवट राहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, वाड्यातल्या खोल्यांना असावा तसा, आणि तो अधूनमधून बदलतो. त्या बदलात लाइन तुटत असणार, असं मी वाचून काढलं आणि ठरवलं की माझ्या लॅपटॉपला कायमचा एकच क्रमांक द्यायचा. सेटिंग उघडलं, क्रमांक टाकला, कळ दाबली. पडद्यावर ओळ आली : हा क्रमांक या घरातील दुसऱ्या यंत्राकडे वापरात आहे.

दुसरं यंत्र? माझा मोबाइल स्वतःच्या सिमवर चालतो, धाकटीचा फोन बटणांचा आहे आणि आमच्या फ्रिजला अजून तेवढी अक्कल आलेली नाही. मी दुसरा क्रमांक टाकला. तोही वापरात. तिसरा टाकला, तोही. मग मात्र मला राग आला आणि मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि तिथेच फसले. आमचा पासवर्ड ऑफिसकडून तपासला जातो. क्रमांक नाही म्हणजे ऑफिसपर्यंत वाट नाही, म्हणून दार उघडेना, आणि दार उघडत नाही म्हणून वाट दुरुस्त करता येईना.

मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत मिळते. लॅपटॉप आतल्या खोलीत टेबलावर तसाच ठेवून मी गॅलरीत आले आणि हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजाचा होता, काहीतरी चघळत होता.

“घरात कोणी मुलगा वगैरे आहे का, मॅडम?”

“मुलगा नाही. मी आहे. माझ्याशी बोला.”

“बरं. ओळख पटवावी लागेल. तुम्ही ठेवलेला प्रश्न आहे : टायपिंग तुम्हाला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. हे उत्तर मी मोठ्या तोऱ्यात दिलेलं होतं, ते विसरणं शक्य नव्हतं.

पलीकडे त्याच्या कळा वाजल्या. “जुळत नाहीये, मॅडम. उत्तर आज बदललेलं दिसतंय.”

“कोणी बदललं?”

“तुम्हीच. तुम्ही आत आहात ना. तुमच्या नावापुढे हिरवा दिवा आहे, काम चालू आहे.”

“अहो, मी बाहेर आहे, म्हणून तर फोन केलाय!”

“तुमच्याच घरातून चालू आहे,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जणू वेंधळ्या म्हातारीला तिचा चष्मा तिच्याच कपाळावर असल्याचं सांगत होता. “तुमच्याच लॅपटॉपवरून.”

मी फोन कानाला तसाच धरून आत गेले आणि राउटरची वायर भिंतीतून उपटून काढली. त्याचे दिवे विझले. खोलीत डोकावले तर लॅपटॉपचा पडदा बंद दारासारखा, पासवर्डची रिकामी चौकट तेवढी लुकलुकत होती. रेंज तुटायच्या आत पुन्हा गॅलरीत आले.

“आता?”

“चालूच आहे की, मॅडम. फाइल पाठवताय तुम्ही. बघा, गेली.” मग जरा अवघडून म्हणाला, “हॅलो? तुमचा आवाज कमी येतोय. हॅलो?”

मी ओरडले. मला ओरडता येतं. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण तो हॅलो हॅलो करत राहिला आणि शेवटी त्याने फोन ठेवला.

गॅलरीच्या दारात धाकटी उभी होती, हातात निवडलेली मेथी. “कुणावर खेकसतेस?”

“मशीन बंद पडलंय. आत जाता येत नाहीये.”

“बंद पडलंय? सकाळपासून बडवतेयस ती काय परात? डोकं उठलं माझं.”

“मी इथे आहे गं. गॅलरीत.”

“आत्ता आहेस,” ती म्हणाली आणि मेथी घेऊन निघून गेली.

मी कान देऊन ऐकलं. ऐकणं हा माझा धंदा आहे, त्यात माझी फसवणूक होत नाही. रस्त्यावरच्या स्कूटरचा आवाज, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, कुकरची शिट्टी, आणि त्यांच्या खाली, आतल्या खोलीतून, कळा. त्याच लयीत. ओळ संपली, करंगळीचा तडाखा, कप वाजला. मी धावत आत गेले. खोली रिकामी, पडदा बंद, चौकट लुकलुकत होती. मी चौकटीत पासवर्ड टाकला, एकदा, दोनदा; दार उघडेना. कपातला चहा मात्र थरथरत होता, आणि हे मी उगाच सांगत नाही.

दिवस मावळता मावळता मोबाइल वाजला. मी पुन्हा गॅलरीत धावले. सुपरवायझरबाई होत्या.

“मावशी, सही मिळाली हं तुमची. दुपारीच केलीत, बरं झालं.”

“ती सही माझी नाही,” मी एकेक अक्षर सुटं करून म्हटलं.

“आवाज तुटतोय तुमचा, राहू द्या, मीच बोलते. आजची फाइल नेहमीसारखी चोख. एकच विचारायचं होतं. तुम्ही चक्क ‘अस्पष्ट’ लिहिलंत? तुम्ही? आणि तेही पानभर?” त्या हसल्या. “मला खरंच वाटेना, म्हणून ते रेकॉर्डिंग मी स्वतः लावून ऐकलं. हेल्पडेस्कचा कॉल होता. आपला माणूस स्पष्ट ऐकू येतो, पण पलीकडे जी कोणी बाई आहे तिचा एक शब्द लागेल तर शपथ. नुसता वारा. तुम्ही लिहिलंत तेच बरोबर आहे.”

“ती मी आहे,” मी म्हटलं. “ती बाई मी आहे. मी सगळं सांगितलं होतं.”

“हॅलो? मावशी? बरं, ठेवते हं. शंभर वर्षं काम करा.”

मी वळले. गॅलरीचं काचेचं दार बंद होतं. दिवेलागणीला डास येतात म्हणून धाकटी रोज या वेळी आतून कडी लावते. लावताना एकदा बाहेर बघते, मी नाही ना याची खात्री करते. मी काचेवर हात आपटला. ती हॉलमधून ट्रे घेऊन चालली होती, दोन कप. तिने माझ्या दिशेने मान वळवली, एका हाताने काचेत आपले केस सारखे केले आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

“घे गं बाई, चहा. काय ते एकसारखं चाललंय तुझं.” मग जरा थांबून, कान टवकारून तिने विचारलं, “ताई, गॅलरीत कुणाचा आवाज येतोय का गं?”

कळा थांबल्या.

“कोणी नाही,” आतून माझा आवाज आला, खणखणीत, एकेक अक्षर सुटं. मग ओळ संपली, आणि कप वाजला.