अम्मीच्या मनगटावरची पट्टी

शेवटची आंघोळ घालायला अम्मीला तख्तावर निजवलं, तेव्हा बिल्कीसचं लक्ष तिच्या डाव्या मनगटाकडे गेलं. गुलाबी कापडी चिकटपट्टी, तीही एकावर एक वेढे घेतलेली. नव्या भोकाभोकांच्या पट्ट्यांना अम्मी हात लावायची नाही. "त्या कुठे चिकटतात, नुसता देखावा," म्हणायची. रिळाची जुनी पट्टी मात्र तिच्या घरात कशाकशाला नव्हती! सोललेल्या गुडघ्याला, चपलेच्या अंगठ्याला, रिमोटच्या पाठीला.

"पट्टी काढावी लागेल," खैरूनखाला म्हणाली. मोहल्ल्यातल्या मयत बायकांना तीच न्हाऊ घालायची. "अंगाला पाणी लागायला पाहिजे."

"मी काढते," बिल्कीस म्हणाली. सुकापूरहून पनवेलला यायला रिक्षाने कितीसा वेळ लागतो? तरी महिनाभर तिला जमलं नव्हतं. निदान एवढं आपल्या हातून व्हावं, आणि अम्मीला जराही न दुखवता व्हावं, यातच तिचा जीव अडकला होता. मयतालाही दुखतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

कोमट पाणी झालं, खोबरेल झालं. वरचे वेढे सुटले, पण शेवटचा कातडीलाच धरून बसला होता. जरा उचलला तशी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोबत यायला लागली. बिल्कीसचे हात थांबले.

"कुणी एवढी आवळली ही?" ती भावजयीवर, महेकवर खेकसली. "म्हाताऱ्या माणसाला रिळाची पट्टी लावतात? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

महेक मान खाली घालून पाण्यात कापूर चुरत राहिली.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर जनाजा निघायचा होता. बाहेरून दोनदा विचारणा झाली. बिल्कीसने पट्टीची कडा चिमटीत धरली आणि सोडून दिली.

"खाला, माझ्याने नाही होत."

"मग राहू दे, बेटा. वरून पाणी घाल. अल्लाहला कळतं."

तिने पट्टी तळव्याने दाबून परत बसवली आणि हळूहळू पाणी ओतलं.

कफन झाल्यावर ती बाहेर आली, तर तिचा भाऊ नियाज दाराशीच उभा होता. पन्नाशीचा माणूस, रडून डोळे सुजलेले.

"आपा, पट्टी निघाली? परवा कपाटाची कडी लागली तिला. महेक पट्टी लावत होती, तर अम्मी म्हणाली, नियाजला बोलाव. मला कुठे जमतं? रक्त बघून घाबरलो, आवळतच गेलो. काढताना दुखलं नाही ना तिला?"

"नाही रे. काढलीच नाही. तू लावलेली तशीच आहे."

तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. बिल्कीसला मात्र रडूही येईना. ती आत गेली. महेक रिकाम्या बादल्या उचलत होती.

"तू बोलली का नाहीस?" बिल्कीसने विचारलं.

महेकने बादली खाली ठेवली. "आज त्यांना कुणी काही बोललं असतं तर ते मोडूनच गेले असते, आपा. मला बोललेलं चालतं."