खालची उजवी दाढ

वर चौदा, खाली तेरा. धाकटीने प्लास्टरचा जबडा उजेडाकडे वळवून दात पुन्हा एकदा मोजले. खाली उजवीकडे एका दाढेची जागा मोकळी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दात डॉक्टरांनी तासून बारीक केले होते. त्या दोन खुंटांवर टोपणं बसवायची आणि त्यांच्यामध्ये नसलेली दाढ अडकवायची, असा तीन दातांचा ब्रिज. लॅबमधलं नेहमीचंच काम.

सोबतच्या चिठ्ठीवर नाव नसायचं. क्रमांक, पुरुष, वय एक्केचाळीस, एवढंच. पण वरचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता आणि त्याचा कोपरा उडालेला होता. चारही सुळे घासून सपाट झाले होते. तो चढलेला दात तिने ताईच्या लग्नाच्या फोटोत नऊ वर्षं पाहिला होता. गेल्या महिन्यात ताई फोनवर म्हणालीही होती, यांची दाढ काढली म्हणून.

ताईचा ब्रिजही धाकटीनेच केला होता, चार वर्षांपूर्वी. वरचे पुढचे दोन दात. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ताईने सगळ्यांना सांगितलं. घसरणारा माणूस आधी हात टेकतो, त्याचे तळहात खरचटतात. धाकटीने तेव्हा ताईचे दोन्ही तळहात हातात घेऊन पाहिले होते. साधा ओरखडा नव्हता. तिने काही विचारलं नाही. दातांचा रंग मात्र तिने तीनदा बदलून घेतला, हुबेहूब जुळेपर्यंत.

आता चिनी मातीचा शेवटचा थर देताना तिने मधल्या दाढेच्या उतारावर ब्रशच्या टोकाने थोडी जास्त माती ठेवली. भट्टीतून ब्रिज बाहेर आला तो आरशासारखा चमकत.

हे काम पाठवणाऱ्या डॉक्टरांना लॅबमध्ये सगळे टकटक डॉक्टर म्हणत. तोंडात निळा कागद धरायचा, ‘टक टक करा’ म्हणायचं, ठिपके बरोबर पडले की पेशंटला निरोप. जबडा बाजूला सरकवायला ते कधीच सांगत नसत. मेणकामवाले काका तर म्हणायचे, “हा माणूस दार वाजवतो, पण आत कोण आहे ते कधी बघत नाही.”

टक टक केलं, तर हा ब्रिज बिनचूक होता. जबडा उजवीकडे सरकला तरच तो आडवा येणार होता. आणि दिवसा जबडा असा सरकवून दाबत कोण बसतं?

बुधवारी दुपारी ताई आली. बँकेचं काम आटोपून ती अधूनमधून चहाला यायची. स्टुलावर टेकत तिने पिशवी मांडीवर घेतली.

“ताई, भाऊजी अजून झोपेत दात खातात?”

“खातात म्हणजे! गिरणी चालते रात्रभर. शेजारीण उद्या दळण घेऊन येईल.”

धाकटी हसली नाही. तिने ट्रे पुढे सरकवला.

“माप गेल्या मंगळवारी दिलं ना त्यांनी?”

ताईने प्लास्टरकडे पाहिलं. चढलेल्या दातावर तिची नजर थांबली.

“अगं बाई. तुझ्याकडेच आलं?”

“माझ्याकडेच.”

धाकटीने दोन्ही जबडे चौकटीत बसवले, मधे निळा कागद धरला आणि खालचा जबडा उजवीकडे सरकवला. मधल्या दाढेच्या उतारावर एक जाड ठिपका उमटला. बाकी कुठेच काही नाही.

“दात खाताना सगळा भार इथे येणार,” ती म्हणाली. “डॉक्टरांना दिसणार नाही. कितीही वेळा गेले तरी ते म्हणतील, कागदावर सगळं बरोबर आहे.”

“दुखेल?”

“रात्रभर. सकाळी उठल्यावर कान, कानशील, मान. महिनोन्महिने.”

ताईने चहाचा कप खाली ठेवला. कपाच्या कडेवरून ती अंगठा फिरवत राहिली.

“सकाळी मी स्वयंपाकघरात असते,” ती म्हणाली.

मागे काकांच्या टेबलावर ज्योत भुरभुरत होती.

“त्या दिवशीही त्यांची दाढच ठणकत होती गं. चहा गार झाला होता, एवढंच.”

चार वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलत होती. इतके दिवस धाकटीने माती मोजली, उतार मोजला. जबड्याच्या शेजारी कोण झोपतं, ते मोजायचं राहूनच गेलं होतं. तिने घाईने घासायचं यंत्र उचललं, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

ताईने तिचं मनगट धरलं.

“थांब. हे कधी जायचंय?”

“उद्या.”

“शनिवारी पाठव.”

“ताई, वेडी आहेस का? सोड, घासते मी.”

“शुक्रवारी ते कामाला बाहेरगावी जातायत. शनिवारी रात्री परततील.” ताईने यंत्राचं बटण स्वतःच बंद केलं. “तुझी नवी खोली त्यांनी पाहिलेली नाही. आणखी एक गादी मावेल का तिथे?”

धाकटीने यंत्र खाली ठेवलं.

“कपाट सरकवावं लागेल.”

“किती?”

“वीतभर.”

“मग सरकव,” ताई म्हणाली आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

शनिवारी सकाळी धाकटीच्या खोलीत पेल्यात दोन ब्रश उभे होते. ताई अजून झोपलेली होती, भिंतीकडे तोंड करून, तोंड किंचित उघडं टाकून.

लॅबमध्ये काकांनी डबी बंद करण्याआधी विचारलं, “नीट तपासलंस ना? परत यायला नको.”

“एकदा बघते.”

तिने ब्रिज प्लास्टरवर चढवला. टक टक. सगळे ठिपके जागच्या जागी, सारखे. मग तिने जबडा उजवीकडे सरकवला, त्या जास्तीच्या मातीमुळे सुळ्यांमध्ये उघडलेल्या फटीत जाडीचे आकडे कोरलेल्या पोलादी पट्ट्या एकेक करून घालून पाहिल्या आणि जी घट्ट बसली तिच्यावरचा आकडा वाचला.

बारा शतांश मिलिमीटर. तिने ब्रिज तसाच डबीत ठेवला.